वरच्या खोलीची किल्ली

डॉक्टरीणबाईंनी मधुवंतीला एक छापील कागद दिला आणि आठ दिवसांनी ठरवून यायला सांगितलं. गाठी साध्या आहेत, कॅन्सर नाही, घाई नाही. पण महिन्याचे अठरा-अठरा दिवस रक्त जातंय, हिमोग्लोबिन सातावर आलंय. तेव्हा गर्भाशयात हार्मोनचं छोटं साधन बसवता येईल, नुसत्या गाठी काढता येतील, नाहीतर गर्भाशयच काढायचं. निर्णय तुमचा, असं त्या हिंदीत दोनदा म्हणाल्या. चव्वेचाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून मधुवंतीनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

काशीत दूधविनायकातल्या त्यांच्या घरी बायका अजून चार दिवस बाजूला बसत. त्यासाठी वर एक खोली होती. सतरंजी, तांब्या, माकडांसाठी जाळी ठोकलेली खिडकी आणि खिडकीत गंगेचा हातभर तुकडा. सासूबाई, म्हणजे गीताबाई, गुडघे धरत जिना चढून उंबऱ्याबाहेरून ताट सरकवत. या अन्यायाविरुद्ध मधुवंतीनं वीस वर्षांत चकार शब्द काढला नव्हता, कारण महिन्यातले तेवढे चार दिवस तिच्याकडे कुणी चहा मागत नसे. वाचनालयातल्या बहुतेक कादंबऱ्या तिनं विटाळातच वाचल्या होत्या. आता चाराचे अठरा झाले, पण अक्षरं डोळ्यांपुढे तरंगू लागली.

घरी आल्यावर कागद सासऱ्यांकडे गेला. ढुंढिराजशास्त्री, घरातले अण्णा, नियमाचे पक्के. सुनेनं शिवलेल्या कागदावर त्यांनी आधी गंगाजल शिंपडलं. शाई कच्ची होती. वरचे दोन उपाय फुटून निळे झाले, खालचा तिसरा तेवढा शाबूत राहिला. शास्त्रीबुवांना त्यात देवाची इच्छा दिसली आणि त्यांनी पंचांग काढलं. नवरात्राला सव्वा महिना होता, नऊ दिवसांचा सोवळ्याचा नैवेद्य होता आणि गीताबाईंचे गुडघे होते.

मधुवंतीला तिन्ही उपाय पाठ होते. वर बसून तिनं आठ दिवस विचार केला. साधन बसवलं तर पोट फाडावं लागणार नाही, रक्त हळूहळू कमी होईल, अंगात ताकद येईल, आणि वरची खोलीही राहील. तिनं ठरवून टाकलं. ठरवल्यावर तिला जेवणही बरं लागलं.

दवाखान्यात नवरा सोबत होता. यज्ञेश कॉलेजात संस्कृत शिकवायचा, स्वभावानं गरीब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, फक्त पहिले पाच-सहा महिने मधूनमधून थेंब-थेंब जाईल, त्याचं काही नाही.

यज्ञेशनं हळूच बायकोला विचारलं, "मधू, ते थेंबसुद्धा धरायचे का गं?"

"अण्णांना विचारा," ती म्हणाली.

दोघांनाही उत्तर माहीत होतं. सहा महिने तिनं वर बसायचं आणि सासूबाईंनी ते गुडघे घेऊन जिना चढायचा. डॉक्टरीणबाईंनी यज्ञेशला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"आप क्या चाहती हैं?"

मधुवंतीनं दाराकडे पाहिलं. मग तिनं तिसऱ्या उपायाच्या संमतीपत्राखाली सही केली. कुणाचा दबाव आहे का? नाही. सगळं समजलंय ना? हो. डॉक्टरीणबाईंनी तिला बीजग्रंथी आणि टाक्यांपर्यंत सगळं पुन्हा समजावलं, आणि मधुवंतीनं बरोबर उत्तरं दिली. इतकी समजून-उमजून आलेली बाई त्यांच्याकडे वर्षभरात आली नव्हती, असं त्या नर्सला म्हणाल्या.

ऑपरेशन शास्त्रीबुवांनी काढलेल्या मुहूर्तावर निर्विघ्न पार पडलं. सहा आठवडे आराम, वजन उचलायचं नाही, असं लिहून मिळालं. घरी आल्यावर मधुवंती कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेली. दाराला कुलूप होतं. आत नवरात्राची पितळी पातेली रचली होती.

"किल्ली माझ्याकडे आहे," गीताबाई खालून मायेनं म्हणाल्या. "तुला आता कशाला लागतेय ती खोली? सुटलीस बाई."

ती उतरून आली, तोवर यज्ञेशनं स्वयंपाकघरात ओट्यापाशी खुर्ची मांडली होती. तिला टेकायला त्यानं आठवणीनं उशीही ठेवली होती.