रेनडिअरची मोजदाद

म्हाताऱ्या रेनडिअरने दगडफूल चवीने खाल्लं, आणि खाणीने मारलेला डोंगर पुन्हा जिवंत झाल्याचं एकदाचं सिद्ध झालं. हे काही घडलंच नाही असं धरून रावद्ना त्याचं ढुंगण कुंपणाबाहेर ढकलत होती.

रेनडिअर चघळत होता. त्याला घाई नव्हती.

"राहू दे गं," कुंपणापलीकडून इस्सातकाका म्हणाले. "तू लावलंस, त्याने खाल्लं. बरा झाला डोंगर. आणखी काय तपासायचं?"

"तपासणीआधी खाल्लेलं चालत नाही, काका."

"मग लावलं कुणासाठी?"

याचं उत्तर रावद्नाला कामावर ठेवणाऱ्या खाण कंपनीच्या नियमांत नव्हतं. खाणीच्या गाळावर माती, मातीवर दगडफूल, दगडफुलाभोवती कुंपण. तपासणीत दगडफूल शाबूत दिसलं, की डोंगर काकांच्या कळपाला परत. काकांचे गुडघे गेले होते. शेवटचा एक हिवाळा कळपामागे काढायचा, तोही याच डोंगरावर, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

रावद्नाने हातमोजे काढले, पुन्हा घातले. वळणावर गाडी दिसली.

तपासणी समितीची गुनिल्ला देशाच्या दक्षिणेतून आलेली, बूट नवेकोरे. तिने दगडफुलाचा कुरतडलेला भाग पाहिला, मग रेनडिअरचा कान.

"कानावरची खूण तुमचीच आहे," ती काकांना म्हणाली. "एखादा चुकून शिरला असेल तर सोडून देता येतं. कळप शिरला असेल तर मात्र आणखी पाच वर्षं कुंपण. किती शिरले होते?"

रावद्नाने डोळे मिटले. इथे उत्तरेत, रेनडिअर पाळणाऱ्यांत, माणसाला वय विचारावं, आजार विचारावा, बायको का पळाली तेही विचारावं. रेनडिअर किती, हे विचारत नाहीत. विचारलंच, तर सांगत नाहीत.

काका ढगांकडे बघू लागले.

"सांगा ना, काका," ती पुटपुटली. "समोरच तर उभा आहे."

"दिसतोय ना तिला? मग विचारते कशाला?"

"मालकाच्या तोंडून आकडा लागतो," गुनिल्ला म्हणाली.

"आहेत थोडेफार."

"थोडेफार म्हणजे?"

"म्हणजे आहेत."

रावद्नाच्या ओठांवर आकडा आला होता. काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने तो गिळला.

गुनिल्लाने नाइलाजाने अहवालातला आकड्याचा रकाना भरला: अगणित.

अगणित रेनडिअर कुंपणाच्या खांबाला पाठ घासत होता.

गाडी गेली. काका गुडघा चोळत डोंगराकडे बघत राहिले.

"पाच वर्षं," ते म्हणाले.

"हे बरं मोजता येतं तुम्हाला."

ते हसले नाहीत. रावद्नाने हातमोजे काढले, या वेळी पुन्हा घातले नाहीत, आणि गार पडलेल्या बोटांनी फोनवर कंपनीला अर्ज लिहायला घेतला.

'सदर अगणित रेनडिअरास तपासणी समितीचे सदस्य नेमावे. समितीत इतर कोणीही डोंगर खाऊन पाहिलेला नाही. नेमणूक याच हिवाळ्यात व्हावी, ही नम्र विनंती.'