उगवतीचा कोपरा

किसनरावांच्या वावराच्या उगवतीच्या कोपऱ्यात एकतीस वर्षं वखर फिरला नव्हता. काळंभोर भाजीपाल्याचं वावर, धाम नदी हाकेवर, आणि कोपऱ्यात नुसतं गवत! आनंदाबाई दर हंगामात नवऱ्यावर तोंड सोडायच्या, "वांग्याच्या चार वळी बसल्या असत्या अथी. कोणासाठी ठेवला हा कोपरा, जावयासाठी?" जावयाचं नाव निघालं की किसनराव उठून मोटर चालू करायला जात.

लेक होती त्यांना. एकवीस दिवसांची होऊन गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. किसनरावांनी एकट्यानं तिला त्या कोपऱ्यात ठेवलं. हातातला तांब्याचा वाळा तसाच राहू दिला. दृष्ट लागू नये म्हणून जळक्या मोटरीची तार सोलून, तीन पदरी पीळ घालून त्यांनीच तो केला होता. लागायची ती लागलीच मेली! आनंदाबाई तेव्हा तापात बरळत होत्या. जागा सांगितली तर ही बाई माती उकरेल, तिथून उठणार नाही, या धाकानं त्यांनी सांगितलं, "नदीत सोडलं." तेव्हापासून दर वर्षी त्या तिथीला आनंदाबाई पवनारला जाऊन पाण्यात वाटीभर दूध सोडायच्या, आणि शेजारी किसनराव पिशवी धरून उभे. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. हा गोटा यायला तेवढा वेळ लागला, बस्स.

गेल्या दिवाळीनंतर किसनराव मोतीबिंदूसाठी सावंगीला दवाखान्यात होते. घरी आले तर कोपऱ्यात छातीएवढा खड्डा आणि कडेला चाळण्या! शेजारच्या वावरात जुनी खापरं निघाली होती, म्हणून उत्खननवाली मंडळी आली होती, आणि त्यांना बरीच वर्षं न वखरलेली जमीन हवी होती. खड्ड्यातून पाच हिरवे पडलेले वाळे निघाले.

"तीन हजार वर्सांचे असतीन, काका!" वर्षाली म्हणाली. ही पोरगी नाचणगावची, शिकून त्या मंडळींत गेलेली. किसनरावांना एका वाळ्याचा पीळ दिसला आणि ते मोटर चालू करायला गेले.

आनंदाबाईंनी नीट बघण्याआधीच वाळे पुड्यांत बांधून तपासायला गेले. तांब्यात शिशाचा बारीक अंश असतो, त्यावरून ते कोणत्या खाणीतलं ते कळतं, असं वर्षालीनं समजावलं. आनंदाबाईंना केवढं कौतुक! खड्डा बुजल्यावर त्यांनी तिथं हौसेनं वांग्याच्या चार वळी लावल्या. किसनरावांनी वांगं खाणं सोडलं आणि तपासणीचं यंत्र आंधळं निघू दे म्हणून रोज देवाला विनवलं.

यंत्र कशाला आंधळं निघतं! फाल्गुनात वर्षाली कागद घेऊन ओसरीवर आली. "काकू, चार वाळे एकाच खाणीतले. नर्मदेच्या पल्याडून आलं ते तांबं! पाचव्यानं मात्र फजिती केली आमची. इतकं चोख तांबं जुन्या लोकाईले गाळताच येत नोतं. मोटरीची तार हाय ती." हसत तिनं पुडी सोडली. "घ्या, तुमच्याच वावरातला हाय."

आनंदाबाईंनी वाळा तळहातावर घेतला. दोन बोटं जातील एवढा. तीन पदरी पीळ. त्यांनी वर पाहिलं, आणि नव्या डोळ्यानं किसनरावांना तो चेहरा नको इतका स्पष्ट दिसला.

"नदीत सोडलं होतं ना तुमी?"

"तू मेली असती तथी," किसनराव म्हणाले. "उकरून काहाडलं असतं तिले."

वर्षालीचं हसू मावळलं. "काकू, हाडं नोती जी. जरासा चुरा होता, मातीसंग..."

"एकतीस वर्सं पाण्याले दूध पाजलं मी," आनंदाबाई म्हणाल्या. मग त्यांना हुंदका फुटला. "या पोरीनं इचारलं, काकू, कोठी खनू? म्याच बोट दाखोलं. मनलं, तो कोपरा घ्या. तो आमच्या काई कामाचा नाई."

त्या उठल्या, भर उन्हात वावरात गेल्या आणि फळांनी लदलेली वांग्याची झाडं एकेक करून उपटू लागल्या. किसनराव मागोमाग गेले, दुसऱ्या वळीशी वाकले.

"हात नका लावू," आनंदाबाई म्हणाल्या. "तुमाले एकतीस वर्सं भेटली ती. मले आजच भेटली."