ऐंशीव्या अक्षरापलीकडे

तिने जुनी ओळ मधोमध तोडली, एका मॅक्रोचे दोन केले आणि लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा असेंब्लर पुन्हा चालवला. कागद कापायच्या यंत्रावर उद्या नववं थांब-बटण बसणार होतं. बटणांच्या नावांची यादी दिली की हा मॅक्रो प्रत्येकासाठी सूचना आपोआप लिहून देई. पण जुनाट असेंब्लर एका ओळीतली ऐंशीच अक्षरं वाचे आणि पुढचं सोडलं हे सांगायची तसदीही घेत नसे. म्हणून यादी दोन ओळींत वाटायची, एवढंच काम होतं.

नववं नाव घालण्याआधी तिने सवयीने जुन्या आठांवरच ताळा करून पाहिला. नुसती ओळ तोडल्याने काही बदलायला नको होतं. नवा प्रोग्राम सहा बाइटांनी मोठा निघाला.

तिने जुन्या ओळीतली अक्षरं बोटाने मोजली. पुन्हा मोजली. ऐंशीवं अक्षर सातव्या नावाचं शेवटचं होतं. आठवं नाव ओळीत होतं, प्रोग्राममध्ये नव्हतं.

चाचणीच्या दिवशी ते होतं. चाचणी पार पडल्यावर तिनेच, सगळ्या ओळी एका रेषेत दिसाव्यात म्हणून, ही ओळ आठ जागा आत सरकवली होती. मोकळ्या जागांनी काय बिघडणार? त्या आठ जागांनीच आठवं नाव ऐंशीच्या पलीकडे ढकललं होतं.

आठव्या बटणापाशी दादा उभा असायचा, तिचा सख्खा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या सहकाऱ्याचा हात पात्याखाली गेला, तेव्हा मी बटण दाबलं होतं, असं तो जीव तोडून सांगत राहिला. बटण अपघातातच चेचलं गेलेलं, तपासणार काय? त्या कोपऱ्याला जाळी लागली ती आजतागायत; आठवं बटण पुन्हा कुणी वापरलंच नाही. चौकशीत तिने छापील प्रोग्राम पुढे केला, आठव्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं, प्रोग्राम खोटं बोलत नाही. दादाची नोकरी गेली. येणंजाणं चालू राहिलं. तो विषय मात्र कुणीच काढला नाही.

ती तडक त्याच्या घरी गेली. वहिनीने दार उघडलं. दादा स्टुलाच्या पायाला खिळा ठोकत बसला होता. तिने बसायचंही भान न ठेवता सगळं सांगून टाकलं.

"दादा, तू बटण दाबलं होतंस. चूक माझी होती."

त्याने खिळ्यावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"असं कसं?" तो म्हणाला. "ज्याचा हात गेला त्याच्या घरी जाऊन मी हात जोडून माफी मागून आलो. म्हटलं, घाबरलो, हात बटणापर्यंत पोचलाच नाही."

"खोटं कशाला बोललास?"

"खोटं नाही गं. तू सांगितलंस, म्हणजे तसंच असणार, असं वाटायला लागलं. पुढे पुढे तर तसंच आठवायलाही लागलं."

दादाने हातोडी खाली ठेवली, उजवा तळवा स्टुलावर टेकवला आणि सगळा भार देऊन दाबला. एकदा. पुन्हा एकदा.

"असंच दाबलं असेल ना मी?" त्याने बहिणीला विचारलं.