सोडवून आणलेली

काचेच्या दुकानात सकाळचं पहिलं काम म्हणजे टेबलावरचा चुरा झाडणं. थोरली ते डाव्या हाताने करत होती, कारण उजवं मनगट कालपासून टम्म सुजलं होतं. काल एका गिऱ्हाइकाच्या आरशाचं माप चुकलं. चूक नवऱ्याची, मार मात्र तिला. काच आखायची जाड लाकडी पट्टी त्याने तिच्या मनगटावर आडवी हाणली आणि वर म्हणाला, “फिजिक्स शिकलीस ना? मग मोज आता नीट!” गिऱ्हाईक तिथेच होतं. त्याने पुन्हा नीट कापून दिलेला आरसा उचलला, पैसे दिले आणि चालतं झालं.

तरी लोक तिला नशीबवान म्हणत. त्याला कारण होतं.

तिचे बाबा छापखान्यात मशीन चालवत. नव्या खासगी कॉलेजचं गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक त्यांच्याच हातून छापलं गेलं. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर पगार किती मिळतो, याचा आकडा त्यात होता. मशीन सुरू व्हायच्या बेतात असताना कॉलेजच्या माणसाचा फोन आला, आकडा दुप्पट करा. बाबांनी केला. आणि पुढे मुलीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा त्याच पत्रकावर बोट ठेवून म्हणाले, “छापील आहे, खोटं कसं असेल?” सरकारी कॉलेज घराजवळ होतं, फी किरकोळ होती, पण त्यांचं पत्रक एकाच रंगात होतं ना! आपल्याच हातचं खोटं माणसाला सगळ्यात गोड लागतं. शिक्षणासाठी कर्ज काढलं गेलं.

पदवी मिळाली, तीही पहिल्या वर्गात. नोकरी लागली ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत. भिंगं पुसायची, तारा जोडायच्या, मुलांनी बिघडवलेली उपकरणं दुरुस्त करायची. तिला ते काम मनापासून आवडायचं. पण हप्ता पगाराहून मोठा होता, आणि आवडीवर हप्ता भागत नाही. थोड्याच महिन्यांत वसुलीवाले छापखान्यात घुसले. त्यांनी बाबांची कॉलर धरली आणि सगळ्यांदेखत त्यांचं डोकं मशीनच्या पत्र्यावर आपटलं. कपाळाला टाके पडले.

त्या बाजारपेठेत तेव्हा एक नवी रीत पडली होती. कर्जात अडकलेली, शिकलेली मुलगी हेरायची, तिचं कर्ज एकरकमी फेडायचं आणि लग्न करून घरी आणायची. ना देणं, ना घेणं! व्याख्यानांतून या रीतीचं कौतुकही झालं. बायका अशा सुनेला ‘सोडवून आणलेली’ म्हणत. गहाण पडलेली वस्तू सोडवून आणतात, तशीच. म्हणणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे, आणि याचीच चीड यायला हवी. काचवाल्याने थोरलीला अशीच सोडवून आणली, आणि लग्नाच्या आठवड्यातच तिची नोकरीही सोडवली.

चुरा अर्धाच झाडून झाला होता, तोवर बाबा आणि धाकटी दुकानात आले. धाकटी बारावी झाली होती. लहानपणी ताईनेच तिला तुटक्या आरशाने उन्हाचा कवडसा भिंतीवर नाचवून दाखवला होता. तेव्हापासून पोरीला फिजिक्सचं वेड.

“या सासरेबुवा,” काचवाला आज भलताच गोड बोलत होता. “मी म्हटलं, समोरासमोर ठरवून टाकू. हिची सगळी फी मी भरतो. त्याच कॉलेजात घाला, रुबाबात शिकू दे. शिकून झालं की माझ्या धाकट्या भावाशी लग्न. घरातली मुलगी घरात.”

बाबांचे डोळे भरून आले. “जावईबापू, तुमचे उपकार कसे फेडू?”

“ताई, खरंच?” धाकटीने विचारलं. तिचा चेहरा उजळला होता.

ते उजळणं थोरलीला बघवेना. गेली दोन वर्षं तिने माहेरी एक अक्षर कळू दिलं नव्हतं. आज आपण गप्प बसलो तर ही पट्टी उद्या धाकटीच्या अंगावर चालेल, एवढं तिला लख्ख कळलं.

“नाही,” ती म्हणाली. “हे होणार नाही.”

तिने दोन्ही बाह्या वर सरकवल्या. सुजलेलं मनगट होतं, काचेने कापल्याचे पांढरे व्रण होते, दंडावर पट्टीचे काळेनिळे वळ होते. “बाबा, ही माझ्या कर्जाची पावती. हिलाही हवी का?”

बाबांनी पाहिलं आणि नजर वळवली. “अगं, भांड्याला भांडं लागतंच...”

वाक्य पुरं व्हायच्या आत काचवाल्याने तिची वेणी मुठीत धरली. “माझ्या दुकानात मला उघडं पाडतेस? तुला सोडवायला पैसे मोजलेत मी!” त्याने तिचं तोंड टेबलावर दाबलं. चुऱ्यात गाल घासला गेला आणि रक्ताची धार लागली. मग पट्टी पाठीवर बसू लागली. पुन्हा. आणि पुन्हा.

बाबा धावले. थोरलीला वाटलं, आपल्यासाठी धावले. ते दाराशी गेले आणि त्यांनी शटर खाली ओढलं.

“लोक बघतायत गं,” ते कळवळून म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

पाठीवरच्या घावांपेक्षा तो शटरचा आवाज तिला जास्त लागला.

धाकटी मात्र शटरपाशी वाकली आणि जिवाच्या आकांताने ते वर रेटू लागली. “धावा! ताईला मारतायत!” काचवाला पट्टी उगारून तिच्यावर गेला. थोरली मध्ये पडली. सुजलेल्या मनगटावर घाव बसला, हाड मोडल्याचा आवाज आला, पण दुसऱ्या हाताने तिने पट्टी घट्ट धरली आणि हिसकावून घेतली.

शटर अर्ध्यावर आलं होतं. बाहेर गर्दी जमली होती, आणि गर्दीसमोर काचवाल्याचा हात आपोआप खाली आला.

“जाशील कुठे?” तो धापा टाकत म्हणाला. “मी भरलेलं कर्ज कोण फेडणार?”

“मीच. माझं होतं, ते पुन्हा माझ्या नावावर घेते. भिंगं पुसून फेडीन, म्हातारी होईपर्यंत फेडीन. पण अंगाने फेडणार नाही.” ती धाकटीकडे वळली. “तू फिजिक्सच शीक. सरकारी कॉलेजात शीक. तिथून शिकून गेलेल्यांना भेट आणि खरा पगार विचार. सुरुवातीला थोडाच मिळतो, हे धरून चाल. छापलेल्यावर जाऊ नकोस.”

बाबांनी मान खाली घातली.

“आम्ही पोलीस चौकीवर चाललोय. बाबा, येता?”

“आधी बसून बोलू... घरातलं घरात...”

गर्दीत कालचं गिऱ्हाईक उभं होतं. ती त्याच्यासमोर थांबली. “काका, काल तुम्ही पाहिलंत. सांगाल चौकीत?”

“तुमचा घरगुती मामला, बाई. मी कशाला पडू?”

“आरसा लावला का घरी?”

“लावला की. छान आहे.”

“बघता येतं त्यात तोंड?”

दोघी बहिणी रस्त्याला लागल्या. मोडलेला हात थोरलीने ओढणीत बांधला होता, पट्टी धाकटीच्या हातात होती. वळणावर धाकटीने मागे पाहिलं. बाबा अर्ध्यावरचं शटर धरून उभे होते. ते त्यांनी पुरतं खाली ओढलं नव्हतं, आणि वरही ढकललं नव्हतं. गर्दीही तशीच उभी होती, आणि त्या गर्दीत आपल्यापैकी पुष्कळ जण होते.