एकशे अठ्ठावीसची भिंत

उद्यमनगरातल्या गणपतरावांच्या फौंड्रीतून एका पंपाच्या कास्टिंगचं ड्रॉइंग फुटलं, त्याला तीन आठवडे झाले होते. २००४चा मार्च. शिरोलीच्या एका कारखान्यात हुबेहूब तसाच पंप ओततायत अशी खबर आली, आणि तेव्हापासून गणपतराव प्रत्येकाकडं संशयानं बघायला लागले.

सगळ्यात जास्त नजर होती शिवलीलावर. राजारामपुरीत नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स करून ती नुकतीच कामाला लागली होती. तिच्या आधी कॉम्प्युटर बघणारा अमरेश तिच्यासारखाच सीमेवरच्या गडहिंग्लजचा, आणि नोकरी सोडून तो गेला होता नेमका शिरोलीला. काम अडलं की शिवलीला त्याला फोन करायची. दोघं कानडीत बोलायची आणि ऑफिसात कानडी कुणालाच येत नव्हतं.

अशात डिझाइन खात्यासाठी चार नवे कॉम्प्युटर आले. शिवलीलानं ते बसवले. एकावरही ड्रॉइंगांचा सर्व्हर उघडेना.

"जुन्यांवर दिसतंय आणि नव्यांवर न्हाय," गणपतराव म्हणाले. "म्हंजे कुणीतरी मुद्दाम केलंय."

वरच्या मजल्यावर विक्रीचं ऑफिस होतं. तिथले त्यांचे धाकटे भाऊ कृष्णातराव आवाज ऐकून खाली आले. "दादा, वायर सैल असंल की."

"तू गप."

शिवलीलानं वायरी पुन्हा खोचून बघितल्या. गंमत अशी, की चारी नवी मशिनं एकमेकांना दिसत होती, फक्त सर्व्हर दिसत नव्हता. तिच्या मनात आलं, अमरेशनं जाताना खरंच काही घालून ठेवलं असलं तर? आणि आपण त्यालाच विचारत बसलो!

तिनं सर्व्हरवरचे आकडे कागदावर उतरवले आणि शेजारी नव्या मशिनाचे लिहिले. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१०, नव्याचा १९२.१६८.१.१३६. पत्त्याखाली मास्क. नव्यावर २५५.२५५.२५५.०, कोर्सच्या सरांनी 'हे असंच टाकायचं' म्हणून सांगितलेलं, तिनं ते कधी डोकं लावून बघितलंच नव्हतं. सर्व्हरवर मात्र शेवटी शून्य नव्हतं. तिथं १२८ होतं.

ती वही काढून अर्धा तास आकडेमोड करत बसली. मग मालकांना हाक मारली.

"मालक, मास्क मशिनाला सांगतो की आपल्या गल्लीतलं कोण आणि परकं कोण. शेवटी शून्य असलं तर पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळले की झालं, सगळी एका गल्लीतली. पण शेवटी १२८ घातलं की गल्लीचे दोन भाग होतात. शून्य ते एकशे सत्तावीस एकीकडं, एकशे अठ्ठावीसपासून पुढची दुसरीकडं."

"मग?"

"सर्व्हर दहा नंबरला. मी नव्यांना एकशे छत्तीसपासून नंबर दिले. त्यांची हाक सर्व्हरला ऐकू जाती. पण त्याला वाटतं, हा परक्या गल्लीतला, ह्याला उत्तर नाक्यावरच्या माणसाच्या हातनं पाठवायचं. तसा माणूस आपल्याकडं न्हायच. उत्तर तिथंच मरतं."

गणपतरावांचा चेहरा बदलला. "हे १२८ घातलं कुणी?"

"अमरेशनं. पण का ते..."

"लाव त्याला फोन. स्पीकरवर. आणि मराठीत बोलायचं. कृष्णात, तू बी ऐक. साक्षीला."

शिवलीलानं नंबर फिरवला. पलीकडून अमरेशचा आवाज आला. ती म्हणाली, "अमरेशण्णा, सर्व्हरचा मास्क १२८ का ठेवलाय?"

"मालकांनीच सांगितलंतं की," अमरेश सहज म्हणाला. "वरचं ऑफिस आन् डिझाइन येगळं कर म्हणाले. धाकट्या मालकांना ड्रॉइंग दिसाय न्हाय पायजेत म्हणून. वरच्या मशिनांना एकशे अठ्ठावीसच्या पुढचे नंबर दिले मी. का गं? काय झालं?"

गणपतरावांनी पुढं होऊन फोन बंद केला.

कृष्णातरावांनी आकड्यांचा तो कागद उचलून बघितला. मग म्हणाले, "दोन वर्सं झाली, एकेक ड्रॉइंग छापून द्या म्हणून पोरांच्या मागं लागतोय. मला वाटायचं, मलाच कॉम्प्युटर जमत न्हाय."

"कृष्णात, तेव्हाची गोष्ट येगळी हुती..."

कृष्णातराव जिना चढून गेले.

शिवलीलाला तिथं थांबणं नकोसं झालं, पण विचारणं भाग होतं. "मालक, दोन प्रकारे करता येतं. नव्यांना सत्तरच्या पुढचे नंबर आणि सर्व्हरचाच मास्क दिला तर चार मशिनं चालू होतील, बाकी आहे तसं. न्हायतर सगळीकडं मास्क बदलायचा. मग वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सगळं दिसंल."

"नंबर बदल," ते तिच्याकडं न बघता म्हणाले.

तिनं बदलले. ड्रॉइंगं उघडली. तिच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

कृष्णातराव चार दिवस फौंड्रीकडं फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी गणपतरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "ते दुसरं कर. सगळीकडं शून्य घाल."

तिला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या मशिनांवर फिरून मास्क बदलला आणि सांगायला केबिनमध्ये गेली. कृष्णातराव परत वरच्या ऑफिसात येऊन बसले होते. मोठ्यानं कुणाशी तरी बोलत होते, ते खाली ऐकू येत होतं.

"झालं मालक."

गणपतरावांनी मान हलवली, मग वर बोट दाखवत आवाज खाली आणला. "त्यानं कुठलं ड्रॉइंग उघडलं, कवा उघडलं, हे मला गुपचूप कळंल का?"

कळण्यासारखं होतं. सर्व्हरवर एक खूण केली की रोजची यादी निघाली असती; कोर्समध्ये ते तिला नीट शिकवलं होतं.

"न्हाय मालक," शिवलीला म्हणाली. "तशी सोय न्हाय आपल्या सर्व्हरला."