आवाज पुसलेलं वाक्य

दिग्दर्शकानं शब्द दिला होता, "ते वाक्य ऐकू येणार नाही." पण दिग्दर्शकाचा शब्द म्हणजे अळवावरचं पाणी, हे इतके सिनेमे लिहून धाकटीला कळून चुकलं होतं. म्हणून छोट्या थिएटरात ताईशेजारी बसल्यावरही ती पुढच्या रांगेतल्या दिग्दर्शकाकडेच बघत होती.

वाक्य ताईचं होतं. आई गेली त्या दुपारी पलंगावरची चादर काढताना ती धाकटीजवळ बोलून गेली होती, "सुटले गं बाई." दुसऱ्या कुणाजवळ ती हे मरेपर्यंत बोलली नसती. आणि या महामायेनं ते उचलून जसंच्या तसं सिनेमात घातलं. तेव्हा हात जरासुद्धा अडखळला नाही. चांगलं वाक्य सापडलं की लेखकाला सख्खं-सावत्र कळत नाही. ताई सिनेमा बघायला येणार म्हटल्यावर मात्र तिचं धाबं दणाणलं आणि ती दिग्दर्शकाच्या हातापाया पडली.

"कागदावर तुझं राज्य, पडद्यावर माझं," तो वैतागून म्हणाला होता. "पण एवढी रडतेस, तर आवाज काढतो. झालं?"

पडद्यावर नटीनं उशी उचलली, चादरीचं टोक ओढलं. धाकटीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. नटीचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"काय म्हणाली?" मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं.

"आवाज गेला वाटतं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. पठ्ठ्यानं चित्र तसंच ठेवून नुसता आवाज पुसला होता. नटीचा तो चेहरा त्याला सोडवला नसणार. असू दे. ओठांवरून कुणाला काय कळतंय?

मग तिला आठवलं. शेवटच्या आजारात आईचा आवाज पार बसला होता. तिचं सगळं बोलणं ओठांवरून ओळखायची ती एकटी ताई. धाकटी सुट्टीला यायची आणि दारातूनच विचारायची, "काय म्हणतेय गं ती?"

तिनं भीत भीत बाजूला पाहिलं. ताई रडत नव्हती. पडद्याकडे एकटक बघत मांडीवर रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या, दिग्दर्शक पुढच्या रांगेत हात जोडून उभा राहिला. धाकटीला तोंड वर करवेना.

"ताई, चुकलं गं माझं," ती कशीबशी म्हणाली.

ताई तिच्याकडे वळली आणि काहीतरी बोलली. नुसतेच ओठ हलवून, आवाज अजिबात न काढता. चांगलं लांबलचक बोलली. धाकटी डोळे ताणून बघत राहिली. माणसांच्या तोंडी शब्द घालून पोट भरणाऱ्या तिला त्यातलं एक अक्षर लागलं नाही.

"काय म्हणतेयस गं?"

"अजून तेच विचारतेस," ताई म्हणाली आणि पर्स उचलून उभी राहिली. "नाही सांगणार. तू लिहून काढशील."