लेसरची नवी काच

सूरजच्या हाताला गुण होता, पण साधं काम साधेपणानं करणं त्याला कमीपणाचं वाटे. जोयड्यात बसस्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दिग्गी गावच्या लाडूनं हिरव्या लेसरची दांडी आणून दिली, तेव्हा तिच्या टोकाची प्लास्टिकची लेन्स तेवढी तडकली होती.

"म्हणून उजेड फाकतोय," सूरज म्हणाला.

"फाकतोय आणि लांबबी जाईना. भात पिकलंय, गवं रोज उतरायलेत."

काम चाललं होतं तोवर लाडू बोलत राहिला. ओढ्याच्या अलीकडं शेतात उभारलेल्या माळ्यावर तो राखणीला बसायचा, पलीकडच्या माळ्यावर त्याची थोरली बहीण केशर. दिवस मावळला की यानं तिच्या माळ्यावर उजेड टाकायचा, तिनं उजेडाकडं सरळ बघून कू घालायची. मगच राखण सुरू.

"तोंड फिरवलं तर गवं त्याच्याच शेतात शिरत्यात. आमचा आजा पेटती चूड दाखवायचा, आम्ही हे दाखवतो. अक्का तर पापणीबी हलवत न्हाई."

सूरज "व्हय, व्हय" म्हणत होता, पण जीव सगळा कामात. जुन्या डीव्हीडीच्या यंत्रातली काचेची लेन्स त्यानं बसवली. तेवढ्यावर थांबला असता तर तो सूरज कसला. हात शिवशिवले म्हणून आतला बारीक स्क्रू फिरवून करंटही वाढवला. उजेडाचा ठिपका मोहरीएवढा झाला. काउंटरवरच्या काळ्या चिकटपट्टीवर धरला, तर पट्टीतून धूर निघाला. लाडू खूश झाला, सूरजची छाती फुगली, आणि लाडू दुपारच्या बसनं गावी गेला.

चहा पिताना सूरजच्या ध्यानात आलं, की उजव्या डोळ्यापुढचा काळा डाग जात नाही. मघाशी लेसर लावून बघताना जेवणाच्या डब्यावरून नुसती तिरीप डोळ्यात आली होती. आता कपावर डाग होता, रस्त्यावर डाग होता, शेजारच्या इंदुबाईच्या तोंडावरही डाग होता. आणि मग त्याला लाडूचं बोलणं आठवलं.

दिग्गीला फोन लागत नव्हता. त्यानं शटर अर्धंच ओढलं आणि गाडी काढली. रस्ता जंगलातला, वळणावळणाचा. कधी देवाला हात न जोडणाऱ्या सूरजनं वाटेतल्या वाघरोच्या दगडाला चालत्या गाडीवरूनच मान वाकवली. अति तिथं माती, हे त्याची आई त्याला जन्मभर सांगत आली होती.

शेताच्या बांधाशी पोचला तेव्हा दिवस नुकताच डोंगराआड गेला होता. लाडू माळ्यावर उभा होता आणि त्याच्या हातातून ओढ्यापलीकडं हिरवी रेघ गेली होती.

"लाडू, बंद कर ते!" सूरज पळत ओरडला.

"आलास व्हय? बघ, कसा सरळ जातोय," लाडू हसून म्हणाला. "पण अक्का आज कू घालीना. बघतीय मात्र हिकडंच. म्हणून धरून ठेवलाय."

सूरजनं शिडी चढून लेसर हिसकावून घेतला. लाडू गोंधळून बघत राहिला. पलीकडच्या माळ्यावर केशर दिसत होती, तोंड इकडंच, ताठ बसलेली. पश्चिमेला आभाळ अजून तांबडं होतं, भाताची लोंबी न् लोंबी दिसत होती.

मग तिची हाक आली.

"लाडू, उजेड टाक की रे. किती काळोख पडलाय."